उशाशी गंध

सोनगीर हे धुळ्याच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले गाव. प्रवाशाला आधी दिसतो तो वस्तीच्या माथ्यावरचा लहानसा किल्ला. गावात शिरल्यावर ओळख पटते ती तांब्यापितळेच्या भांड्यांमुळे. हे तांबटांचे गाव. हंडे, घागरी, बंब यांवर पडणारे हातोड्याचे ठोके आता पूर्वीइतके दाट राहिलेले नाहीत. तरी ज्या घरांत ते चालू आहेत त्यांच्या शेजारी बसून बोलायचे तर आवाज चढवावाच लागतो. अशाच एका घरी काही वर्षांपूर्वी आमचे जाणे झाले. घरातल्या आजींना तोंडाचा कर्करोग होता. उपचार थांबवून त्यांना घरी आणले होते, आणि गालावरची गाठ बाहेरून फुटली होती.

अशा जखमेच्या वासाविषयी चारचौघांत बोलले जात नाही आणि लिहिले तर जवळजवळ जातच नाही. जखमेतल्या मेलेल्या मांसावर प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू पोसले जातात. तो वास त्यांचा असतो, रोग्याच्या अस्वच्छतेचा नसतो. पण हे रोग्याला कोण सांगणार? आजींनी आपली खाट आपणच मागच्या खोलीत न्यायला लावली होती. नातवंडांना दाराशी थांबवले जाई. सूनबाई मायाळू होत्या. त्यांनी पाहुणे आले म्हणून उशाशी उदबत्ती लावली. आजींनी हात हलवून ती विझवायला लावली आणि आपल्या अहिराणीत एवढेच म्हणाल्या, की मी अजून गेलेली नाही.

प्रस्तुत लेखाचे निमित्त हे एवढेच. मरणासन्न रोग्यांना सुगंधी तेलांनी दिलासा देण्याची पद्धत, जिला अरोमाथेरपी किंवा गंधोपचार म्हणतात, ती गेल्या तीनचार दशकांत जगभरच्या हॉस्पाइसांत रुळली आहे. आपल्याकडे तिचा विषय निघाला की दोन ठराविक प्रतिक्रिया येतात: एक, हे पाश्चात्त्यांचे चोचले आहेत, दुसरी, हे सगळे आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वीच होते. सोनगीरच्या त्या खोलीत उभे असताना दोन्ही आम्हाला सारख्याच निरुपयोगी वाटल्या. गंधाला अर्थ असतो आणि अर्थाला इतिहास असतो. रोग्याच्या उशाशी आपण काय पेटवतो किंवा कोणते तेल चोळतो, ते त्या इतिहासाच्या बाहेर जाऊन करता येत नाही.

आधी ‘आपल्याकडे होतेच’ या म्हणण्याकडे पाहू. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, म्हणजे मरणाची पूर्वचिन्हे सांगणाऱ्या भागात, दुसरा अध्याय ‘पुष्पितक’ या नावाचा आहे. फळाच्या आधी फूल यावे तसे मरणाच्या आधी अरिष्टचिन्ह येते, हा त्यातला दृष्टान्त. आणि मग आचार्य सांगतात, की ज्याच्या देहाला रात्रंदिवस नाना फुलांचा वास येऊ लागतो तो ‘पुष्पित’ होय. तो वर्षाच्या आत देह ठेवतो. पुढे वासांची यादी आहे. तीत चंदन, तगर, अगुरू आहेत, आणि मलमूत्र व प्रेतगंधही आहेत. वास चांगला की वाईट याला तिथे महत्त्व नाही. अकारण आलेला वास म्हणजे मरणाची वार्ता. याच अध्यायात देहाची चव माशांवरून ओळखावी असेही आहे: देह विरस झाला की माशा-उवा त्याला सोडून जातात, अतिगोड झाला की न्हाऊनमाखून बसलेल्या माणसावरही घोंगावतात. वैद्यकाच्या ग्रंथात इतकी निष्ठुर आणि इतकी काव्यमय पाने थोडीच असतील. पण या पानांत दिलासा नाही, निदान आहे. सुगंध येथे उपचार नसून निरोप आहे.

सुश्रुताकडे चित्र वेगळे आहे. सूत्रस्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायात जखमी माणसाची खोली कशी असावी याचे वर्णन येते. मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस, न कंटाळता द्यावी असे तो सांगतो. या धुरीचा हेतू रक्षणाचा आहे, आणि ‘निशाचरां’पासूनचे हे रक्षण आजच्या भाषेत जंतूंपासूनचे होते, असे मानण्याचा मोह अनेकांना होतो, आम्ही त्या वादात पडत नाही. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते त्याच अध्यायातले दुसरे सांगणे. जखमी माणसाभोवती त्याचे आवडते, गोड बोलणारे मित्र असावेत. ते गोष्टी सांगून व्रणाची वेदना दूर सारतात. साहित्याच्या अध्यापकांनी हे वचन वर्गात सांगायला हरकत नाही. धूर आणि गोष्ट ही दोन्ही एकाच खोलीतली, एकाच अध्यायातली साधने आहेत. मात्र हा जखमी बरा होणार असे गृहीत आहे. जो बरा होणारच नाही त्याला असाध्य म्हणून सोडून द्यावे, असाच जुन्या वैद्यकाचा एकंदर कल होता. तेव्हा आजच्या हॉस्पाइसचा उगम तिथे शोधणे म्हणजे आपल्या पूर्वजांना त्यांनी न केलेल्या कामाचे श्रेय देणे होय.

गंधाचे शास्त्र मात्र आपल्याकडे निःसंशय होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर अख्खा अध्याय आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत हस्तलिखितांचे काम पाहणारे प. कृ. गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ या ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. यांतल्या ‘गंधवादा’वरची टीका मराठीत आहे, ही गोष्ट आमच्या मते पुरेशी गाजली नाही. पुढे १९८९ साली हे दोन्ही ग्रंथ बडोद्याहून प्रसिद्ध झाले. जुन्या मराठी गद्याच्या अभ्यासकाने महानुभावांच्या ग्रंथांबरोबर हेही गद्य पाहावे: कुटणे, गाळणे, धूप देणे, मुरवणे यांची ही भाषा आहे. पण या शास्त्राचा रोख देवपूजा आणि विलास यांकडे आहे. त्यातली एक संज्ञा मात्र येथे नोंदवण्याजोगी. एखाद्या द्रव्याला फुलांच्या सान्निध्यात ठेवून सुगंधित करणे म्हणजे ‘वासन’. फूल काढून घेतले तरी गंध उरतो. चित्तात उरलेल्या संस्काराला ‘वासना’ म्हणतात, तोही याच कुळातला शब्द. मराठीने मात्र या कुळाचे हाल केले. आपल्या बोलण्यात नुसता ‘वास येतो’ म्हटले की तो वाईटच. चांगला असेल तर ‘सु’ जोडावा लागतो.

आता घरातले गंध घ्या. कापूर, ऊद, चंदन, तुळस, उदबत्ती: हे सगळे देवघरातले, आणि हेच सगळे प्रेताजवळचे. उशाशी दिवा, एक उदबत्ती, मुखात तुळशीपत्र, ऐपत असेल तर चितेवर चंदनाचे खोड. मुसलमान घरांत मयताला शेवटचे स्नान घालताना पाण्यात कापूर घालतात, कफनाला अत्तर लावतात. म्हणजे खोलीच्या मध्यभागी खाट, खाटेवर निजलेले माणूस आणि उशाशी उदबत्ती हे दृश्य आपल्या समाजात फक्त एकाच प्रसंगाचे आहे. सूनबाईंना वास झाकायचा होता. आजींनी त्या धुरातून स्वतःचे मरण वाचले. चरकाचा ‘पुष्पित’ त्यांच्या ऐकिवात असण्याचे कारण नव्हते, पण सुगंध हा निरोप असतो हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. शिवाय ज्याला धाप लागते त्याच्या जवळ कोणताही धूर करू नये हा व्यवहाराचा भाग आहेच.

अरोमाथेरपी हा शब्द फ्रान्समधला. लियोंच्या एका सुगंधद्रव्य-व्यवसायातील रसायनज्ञ, रेने-मॉरिस गातफॉसे यांनी १९३७ साली या नावाचे पुस्तक काढले. १९१० साली प्रयोगशाळेत झालेल्या स्फोटात त्यांचे हात भाजले आणि त्यांनी हात लॅव्हेंडरच्या पिंपात बुडवताच वेदना थांबली, अशी कथा सांगितली जाते. त्यांनी स्वतः लिहिलेली हकीकत कमी नाट्यमय आहे: भाजलेल्या जखमांत गँग्रीन सुरू झाले होते आणि लॅव्हेंडरच्या तेलाने ते आटोक्यात आले. चळवळींना दंतकथा लागतात, असो. फ्रान्समध्ये या उपचाराचा भर जंतुनाशावर राहिला. इंग्लंडमध्ये तो मालिशीला जोडला गेला आणि तिथून, मुख्यतः परिचारिकांच्या हातांनी, हॉस्पाइसात शिरला.

हॉस्पाइसची आधुनिक कल्पना सिसिली सॉन्डर्स यांची. आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर अशी वाट चालून त्यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पाइस सुरू केले. वेदना ही नुसती शरीराची नसते, तीत भय, एकटेपण, पैशाची चिंता आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्नही असतो, ही ‘समग्र वेदने’ची मांडणी त्यांची. भारतातले पहिले हॉस्पाइस महाराष्ट्रातले: डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे सुरू केलेले शांती आवेदना. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ साली उभे राहिले. केरळात कोळिकोडला १९९३ पासून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मदतीने घरोघरी जाणारी उपशामक सेवा वाढत गेली. राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला तो २०१२ साली. धुळ्या-नंदुरबारच्या खेड्यातला रोगी मात्र बहुधा घरीच मरतो, आणि त्याची परिचारिका म्हणजे सून.

गंधोपचाराने होते तरी काय? येथे उत्साहाला थोडा लगाम घालावा लागेल. इंग्लंडमध्ये कर्करोगाच्या २८८ रुग्णांवर केलेली एक चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. सुगंधी तेलांच्या मालिशीने चिंता आणि खिन्नता पहिल्या काही आठवड्यांत हलकी होते, पुढे तो परिणाम टिकत नाही, असे तिच्यात दिसले. २०१६ साली कॉक्रेनच्या समीक्षकांनी मालिश व गंधोपचाराचे १९ अभ्यास तपासले आणि पुरावा फार कच्चा आहे असे म्हटले. टीकाकार यावरून हा उपचार निकालात काढतात. आम्हाला तसे वाटत नाही. ज्याच्याजवळ काही आठवडेच उरले आहेत, त्याला दोन आठवड्यांचा दिलासा ‘अल्पकालीन’ कसा म्हणावा? पण त्या दिलाशात तेलाचा वाटा किती आणि हाताचा किती, हे सांगता येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. केमोथेरपीने घ्राणेंद्रिय बिघडते. काल आवडलेल्या वासाने आज मळमळते. म्हणून शहाणे गंधोपचारक तेलाची बाटली उघडण्याआधी रोग्याला विचारतात.

आणि दुसरी गोष्ट मॉर्फिनची. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानंतर आपल्या देशात परवान्यांच्या जंजाळापायी वेदनेवरचे हे सर्वांत साधे, स्वस्त औषध रुग्णालयांतूनही दिसेनासे झाले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा वाट थोडी मोकळी झाली. ज्या देशात अफू पिकते त्या देशातला कर्करोगी वेदनेने तळमळत मरतो, हे लाजिरवाणे आहे. जिथे मॉर्फिन नाही तिथे लॅव्हेंडर नेणे म्हणजे उपाशी माणसाच्या पानाभोवती रांगोळी घालणे. गंधोपचार वेदनाशमनाच्या जागी येऊ शकत नाही. त्याच्या शेजारी येऊ शकतो.

हे सगळे सोनगीरला घेऊन आलो आणि पुन्हा अडखळलो, कारण लॅव्हेंडर हा शब्दही त्या घरात परका होता. पण खानदेशाला स्वतःचे सुगंधी तेल आहे, आणि त्याची कहाणी सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

सातपुड्याच्या उतारांवर आणि पश्चिम खानदेशच्या रानांत रोशा नावाचे गवत उगवते. त्याला तिखाडीही म्हणतात. संस्कृत ग्रंथांतले रोहिष ते हेच, असे बहुतेक मानतात. त्याचे दोन प्रकार: मोतिया आणि सोफिया. मोतियाचे तेल उंची, सोफियाचे हलके. पावसाळा सरता सरता गवत फुलावर आले की त्याची कापणी होई आणि रानातच, ओढ्याकाठी, भट्ट्या लागत. मोठ्या कढईत गवत आणि पाणी, वर झाकण, सांधे पिठाच्या लगद्याने लिंपलेले, बांबूची नळी, आणि तिच्या टोकाचे भांडे ओढ्याच्या थंड पाण्यात बुडवलेले. पाणी वाहते हवे म्हणून ओढा, आणि गवत वाहून नेण्याचा खर्च नको म्हणून रान. १८८० साली निघालेल्या खानदेश गॅझेटियरनेही या तेलाची दखल घेतली आहे. नंदुरबार, तळोदा, शहादा, पिंपळनेर ही त्याची ठिकाणे.

हे तेल जाई कुठे? मुंबईला, तिथून तांबड्या समुद्राच्या बंदरांकडे, आणि पुढे इस्तंबूलला. तिथे त्याला ‘इद्रिस यागी’ म्हणत, युरोपच्या बाजारात ‘तुर्की जेरेनियम तेल’. त्या नावात तुर्कस्तान आहे, जेरेनियम आहे, खानदेश मात्र नाही. तिथे उन्हात ठेवून ते शुद्ध करीत आणि बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात मिसळीत. कधी तर ऊर्ध्वपातनाआधी गुलाबाच्या पाकळ्यांवरच शिंपडीत, म्हणजे भेसळ ओळखणेच कठीण. हे जमे, कारण रोशाच्या तेलाचा मुख्य घटक गुलाबातही असतो. १८७१ साली जेकबसेन या जर्मन रसायनज्ञाने तो घटक प्रथम वेगळा केला तो याच हिंदुस्थानी तेलातून. त्याला नाव मिळाले जिरॅनिऑल. म्हणजे येथेही नाव जेरेनियमचेच. युरोपातल्या कितीतरी रुमालांवरचा गुलाब हा अर्धामुर्धा तळोद्याचा गवतकाडीचा होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आज अरोमाथेरपीच्या दुकानांत तेच तेल ‘पामारोझा’ म्हणून छोट्या गडद बाटल्यांतून मिळते.

खानदेशात मात्र रोशाचे तेल हे सुगंधी द्रव्य म्हणून फारसे ओळखले गेले नाही. ते गुडघ्याचे तेल. सांधे धरले, कंबर आखडली, थंडीत हातपाय ठणकले की चोळायचे. म्हणून त्या वासाला देवघराची आठवण नाही आणि मसणवटीचीही नाही. आठवण आहे ती चोळणाऱ्या हाताची. गंधाची संवेदना मेंदूच्या भावना-स्मृतीशी निगडित भागांत इतर संवेदनांपेक्षा जवळच्या वाटेने पोहोचते, हे शास्त्र आज सांगते. त्या वाटेवर जे उभे असेल तेच रोग्याला भेटते. लंडनमधल्या म्हाताऱ्या बाईला लॅव्हेंडरमध्ये कपाटातल्या धुतलेल्या चादरी भेटत असतील. सोनगीरच्या आजींना कोण भेटणार, हे लंडनमध्ये ठरवता येत नाही, पुण्यातही नाही, आणि, आम्ही हे स्वतःला बजावले, पाहुणे म्हणून आलेल्या आम्हालाही नाही.

घडले ते असे. धुळ्याहून येणाऱ्या डॉक्टरांनी आधी जखमेच्या वासाचा खरा इलाज केला: मेट्रोनिडॅझोलची गोळी बारीक कुटून जखम धुतल्यावर तिच्यावर भुरभुरायची, वर स्वच्छ कापड. काही रुपयांचे औषध. चारपाच दिवसांत वास पुष्कळ उतरला. मॉर्फिनसाठी मुलाला दोन खेपा कराव्या लागल्या, पण तेही मिळाले. मग सूनबाईंनी, आमच्या सांगण्यावरून, आजींना विचारले की तुम्हाला कशाचा वास बरा वाटेल. असा प्रश्न त्यांना जन्मात कोणी विचारला नसावा. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी कोनाड्याकडे बोट दाखवले. तिथे रोशाच्या तेलाची जुनी बाटली होती, तळाशी बोटभर तेल.

गुडघे आता दुखत नव्हते. उभे राहणेच संपले होते. तरी रोज दिवेलागणीला सूनबाई दोन थेंब खोबरेलात मिसळून त्यांच्या पावलांना चोळत. जखमेजवळ नाही, चेहऱ्याजवळ नाही, पावलांना. त्या वेळी बाहेरचे ठोके थांबलेले असत. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा खाट मागच्या खोलीतून मधल्या घरात आलेली होती आणि धाकटा नातू पायथ्याशी बसून त्यांना शाळेतली काही भांडणे सांगत होता. त्या ऐकत होत्या की नाही, कळत नव्हते. पाय मात्र त्यांनी त्याच्या मांडीला टेकवलेले होते. देवघरातला उदबत्तीचा पुडा तसाच होता. तो पुन्हा उघडला गेला मार्गशीर्षात.